स्वतःच्या हातानं तेल

त्या वर्षी आम्ही चिंचवड स्टेशनजवळच्या एका चाळीत राहत होतो. ओळीनं सहा खोल्या, पुढं सामाईक पडवी, वर कौलं. आमची खोली शेवटून दुसरी. माझे यजमान पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात फिटर होते. मी आकुर्डीच्या शाळेत मास्तरीण होते. सासूबाई नगर जिल्ह्यातलं आपलं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासूला आत्याबाई म्हणायची त्यांच्याकडे पद्धत, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणत असे.

भाद्रपदात, आठव्या महिन्यात, माझं मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. यजमान आणि शेजारच्या शेवटच्या खोलीतले मोटारमेकॅनिक, दोघं मिळून त्याला पवनेच्या काठी घेऊन गेले. परत आल्यावर यजमानांनी बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीला कामावर गेले. रजा मिळाली असती, पण त्यांना घरात बसवत नव्हतं. मी जाऊ नका म्हटलं नाही. मला काही म्हणायचं त्राणच नव्हतं.

चिंचवड गावातून एक बाई बाळंतिणींना तेल लावायला चाळीत येत असे. तिला माझ्यासाठी आधीपासून सांगून ठेवलं होतं. पहिले तीन दिवस ती आली. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी तिला पडवीतच थांबवलं, हळू आवाजात काही बोलल्या आणि तिला परत पाठवलं. मी अंथरुणातून पाहत होते. आत्याबाई आत आल्या, लुगड्याचा एक जुना पट्टा फाडून त्यांनी माझ्या छातीवर घट्ट बांधला आणि चुलीकडे गेल्या. काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मूलच नाही, मग बाळंतीण कसली आणि तेल कसलं, असा मी त्याचा अर्थ लावला. तो अर्थ मनात जाऊन बसला आणि बरेच दिवस तिथंच राहिला.

दहा-बारा दिवसांनी मेकॅनिकची बायको बाळंत झाली. तिला मुलगी झाली. तेल लावणारी तीच बाई आता रोज सकाळी आमच्या दारावरून पुढच्या खोलीत जाऊ लागली. मधली भिंत कौलांपर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर जागा उघडी होती. तिथून सगळं ऐकू यायचं. तापलेल्या तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास यायचा. पाठीवर तळहात पडल्याचा चपचप आवाज, शेजारणीचं कण्हणं, मग बाळाच्या अंगावर गरम पाणी पडलं की त्याचं रडणं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेजारीण भली बाई होती. माझी झोपमोड होऊ नये म्हणून ती पोरीला लगेच छातीशी घेऊन गप्प करायची. तेही मला ऐकू यायचं.

दीड महिना झाला तरी मी सावरले नाही. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की पडवी ओलांडून नळावर जाणं म्हणजे दिवसभराचं काम वाटायचं. भरलेली घागर उचलायला गेले तर मनगटं सुटायची. बसले की उठावंसं वाटायचं नाही, आणि पडले तरी झोप नाही. शाळेतून दोनदा निरोप आला. एका रविवारी यजमानांनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, आपण हँडल धरून पायी चालत राहिले आणि मला गावातल्या वैद्यबुवांकडे घेऊन गेले.

वैद्यबुवा फार म्हातारे होते. त्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग यजमानांना बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं.

“झोप?”

“लागत नाही.”

“भूक?”

“असते. पण जेवायचा कंटाळा येतो.”

“शाळा किती लांब?”

“आकुर्डी. चालत जाते.”

“सात महिने तशाच चालत होतात?”

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गेला दीड महिना मी स्वतःला तेच विचारत होते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

“चालण्यानं काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “ते डोक्यातून काढा. तुम्हाला रोगही नाही. तुम्ही झिजला आहात. बाळंतपणानंतर तेल किती दिवस लावलं?”

“तीन.”

त्यांनी तोंडानं नुसता चक् असा आवाज केला. मग सांगितलं की रोज सकाळी तिळाचं तेल अंगाला लावा. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगाला, हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल. मग थोडा वेळ तसंच बसायचं आणि ऊन पाण्यानं अंघोळ करायची.

“लावायला आता कोण येणार?” मी म्हटलं. “ती बाई नाही येणार.”

“बाई कशाला हवी? हात आहेत ना तुम्हाला?” ते म्हणाले. “आपलं आपण लावायचं. घाई मात्र करायची नाही. आणि दिवाळीची वाट पाहू नका, उद्यापासून सुरू करा.”

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या. यजमानांनी संध्याकाळी घाण्यावरून तेल आणलं.

आमच्या खोलीच्या एका कोपऱ्यात गुडघाभर भिंत घालून न्हाणी केलेली होती. तिला गोणपाटाचा पडदा होता. यजमान पहाटे कामावर गेले की साडेसातच्या सुमाराला आत्याबाई धुणं घेऊन नळावर जायच्या. तिथं रांग असायची, त्यामुळे तासभर खोलीत माझ्याखेरीज कोणी नसे. त्या तासात मी दाराला कडी लावून पाटावर बसायची.

पहिल्या दिवशी मला काहीच जमलं नाही. लहानपणी आईनं लावलं होतं, सणावाराला कुणी ना कुणी लावलं होतं. आपल्याच अंगाला आपण तेल लावत बसणं मला फार विचित्र वाटलं. चोरी केल्यासारखं वाटलं म्हटलं तरी चालेल. भिंतीपलीकडे बाळंतीण आहे, तिला तेल लागतंय ते शोभतंय. मी कशासाठी लावतेय? दंडावरून कसाबसा एक हात फिरवला, वाटी बाजूला सारली आणि अंघोळ करून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी पायांपासून सुरुवात केली. पाय पोटापासून लांब होते, त्यामुळे सोपे वाटले. मी माझे पाय इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. टाचांना भेगा, डाव्या पायाच्या करंगळीचं नख आत वळलेलं, घोट्यावर वहाणेच्या पट्ट्याचा काळा डाग. नोकरी लागल्यापासून पाय म्हणजे माझ्या लेखी शाळेत पोचायचं साधन होतं. मी तळव्यांना तेल चोळलं, एकेका बोटाच्या मधे बोट घालून चोळलं. पोटरीवर खालून वर हात दाबत नेला तेव्हा इतकं दुखलं की मी दात आवळले. पण हात काढल्यावर तिथं जरा सैल वाटलं. एवढंच. त्या दिवशी गुडघ्याच्या वर जायच्या आधीच मी दमले.

असं करत करत आठवडाभरात मी सगळ्या अंगाला तेल लावू लागले. सगळ्या म्हणजे पोट सोडून. पायांवरून माझा हात मांड्यांपर्यंत यायचा आणि तिथून उडी मारून छातीच्या वर, खांद्यावर जायचा. मी ठरवून करत नव्हते. हातच तिथं जात नव्हता. अंघोळीच्या वेळीसुद्धा पोटावर मी नुसता तांब्या ओतत असे.

दिवाळीत, नरकचतुर्दशीला, आत्याबाईंनी यजमानांना पाटावर बसवून पाठीला तेल लावलं. ते अंघोळीला गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “ये, बस. तुला बी लावते.”

“नको,” मी म्हटलं. “माझं मी लावते.”

मला ते इतकं तोडून म्हणायचं नव्हतं, पण तसं बोलले गेले. आत्याबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली, तेलकट हात आपल्याच पायाला पुसले आणि उठल्या. त्या दिवशी फराळाचं ताट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं पण माझ्याकडे पाहिलं नाही. चाळीत पोरं टिकल्या फोडत होती. यजमानांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, चकलीचा तुकडा मोडला आणि ते पडवीत जाऊन बसले.

दिवाळीनंतर मी वैद्यबुवांकडे एकटीच गेले. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून मालगाडी जाईपर्यंत एका दगडावर बसले. पण पोचले चालत, हे विशेष.

“बरं दिसतंय,” ते म्हणाले. “पोटाला लावता ना?”

“हो.”

“कसं?”

मी इकडंतिकडं पाहू लागले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या सदऱ्यावर, नाभीभोवती, हात गोल फिरवून दाखवला. “असं. उजवीकडून वर, डावीकडून खाली. हलक्या हातानं. ते पोट तुमचंच आहे.” मग पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतरही तीन-चार दिवस मी ते टाळलं. मग एके सकाळी, काही ठरवलेलं नसताना, वाटीतलं तेल घेतलं आणि तळहात पोटावर ठेवला. कातडी सैल होती, गार होती. फुगा उतरल्यावर जसं होतं तसं हाताला लागलं. मला वाटत होतं तिथं काहीतरी भयंकर हाताला लागेल. तसं काही नव्हतं. रिकामं होतं, इतकंच. मी वैद्यबुवांनी दाखवल्याप्रमाणे हात फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फिरवताना मला आठवलं की सहाव्या महिन्यात तो उजव्या बाजूला, बरगडीखाली, पाय मारायचा. शाळेत फळ्यावर लिहिताना मारला की माझा खडू थांबायचा. हात त्या जागेवर आला आणि मला रडू फुटलं. बाळ गेल्यापासून मी अशी रडलेच नव्हते. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी आवाज बाहेर पडत होता. किती वेळ ते मला माहीत नाही.

दारावर थाप पडली.

“सूनबाई, उघड. नळ गेला आज. पानीच न्हाई.”

मी कशीबशी लुगडं गुंडाळून कडी काढली. आत्याबाई धुण्याची बादली घेऊन आत आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, पाटाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. बादली ठेवली आणि दार पुन्हा लावून घेतलं.

“काय झालं?”

“काही नाही.”

“पोटाला लावीत व्हतीस?”

इतके दिवस आत कोंडून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. “मला बाळ नाही म्हणून तुम्ही त्या बाईला परत पाठवलंत. माझं अंग नव्हतं का दुखत?”

आत्याबाई खाली बसल्या.

“तुला असं वाटलं व्हय?” त्या म्हणाल्या. “आन् इतकं दिस तेच धरून बसलीस? अगं, तेल आन् शेक चालू ठिवला असता तर दूध येतच ऱ्हायलं असतं. म्हनून घालवली तिला. म्हनून पट्टा बांधला. माझी थोरली पाचव्या दिसाला गेली. आमच्या सासूनं सव्वा म्हयना तेल लावलं मला, चांगलं चोपून लावलं. म्हयनाभर दूध येत व्हतं. चोळ्या भिजायच्या. प्यायला कुनी न्हाई. तसं तुझं नगं व्हायला, एवढंच व्हतं माझ्या मनात.”

त्यांना एक मुलगी झाली होती हे मला तोवर माहीत नव्हतं. यजमानांनाही नव्हतं, हे मला पुढं कळलं.

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? तू भितीकडं तोंड करून पडलेली.”

तेल बंद केल्यानं दूध लवकर आटतं हे खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. वैद्यबुवांना मी विचारलं नाही. माझं दूध आठ दिवसांत आटलं होतं, एवढं खरं.

मग आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “निवलं बघ तेल,” म्हणाल्या. त्यांनी वाटी चुलीवरच्या आधणात धरून पुन्हा कोमट केली, माझ्याजवळ आणून ठेवली. मला वाटलं आता त्या लावतील. पण त्यांनी सुपात तांदूळ घेतले, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाठ करून निवडत बसल्या. पडवीतून कुणी आलं की मुद्दाम खोकायच्या. मी राहिलेलं पोट पुरं केलं. पाठीला जिथवर हात पोचला तिथवर लावलं.

त्या दिवसापासून आमच्यातला ताण कमी झाला. आम्ही फार बोलायला लागलो असं नाही, दोघीही तशा अबोलच. पण संध्याकाळी भाकरी करताना कधीतरी त्या त्यांच्या थोरलीबद्दल एखादं वाक्य बोलायच्या. तिचं नाक यजमानांसारखंच होतं म्हणे. मीही एकदा त्यांना बरगडीखाली लागणाऱ्या पायाचं सांगितलं. त्यांनी परातीतलं पीठ मळत मळत ऐकलं.

शेजारणीशी मात्र मी नीट वागले नाही. तिचे चाळीस दिवस झाले, तेल लावणारी बाई यायची बंद झाली. एका दुपारी ती मुलीला घेऊन आमच्या दाराशी आली. पोर पाय पोटाशी घेऊन किंचाळत होती.

“बाई, हिचं पोट लई दुखतं जी,” ती म्हणाली. “मला तेल लावता येत नाही, हात कापतो माझा. तुम्ही रोज लावता ना, तुम्हाला आता येतं. जरा हिच्या पोटाला लावा की.”

तिनं मुलगी माझ्यासमोर धरली. “मला नाही जमणार,” मी म्हटलं आणि दार लोटलं. पलीकडे ती काही क्षण तशीच उभी राहिली असावी, कारण पोरीचं रडणं तिथूनच येत होतं. मग ते हळूहळू पडवीतून पुढं गेलं.

संध्याकाळपर्यंत मला चैन पडलं नाही. दिवे लागायच्या वेळी मी वाटीत तेल कोमट केलं आणि शेजारी गेले. पोर शांत झोपली होती. मेकॅनिकच्या आईनं, ती त्याच दिवशी चाकणहून आली होती, हिंगाचं पाणी लावून तिला शांत केलं होतं.

“झालं आता, बाई,” शेजारीण म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “बसा की.”

मी वाटी हातात घेऊन बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “घेणार का हिला?” मी वाटी खाली ठेवली आणि मुलीला घेतलं. ती मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. झोपेत तोंड हलवत होती. मी तिला जेमतेम दोन मिनिटं घेतलं असेल. हात भरून आले तशी परत दिली. पुढच्या उन्हाळ्यात त्या मंडळींनी चाकणला मोटारीच्या कामाचं दुकान टाकलं आणि ती खोली रिकामी झाली. दुपारच्या त्या प्रसंगाबद्दल मला तिच्याशी बोलायचं होतं. ते राहून गेलं.

पौषात मी शाळेत रुजू झाले. थंडी होती. अंग पूर्वीसारखं झालं नव्हतं, पण मला चालवत होतं. वाटेत दोनदा बसले. मुख्याध्यापकांनी आधीच वर्गाला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. मुलांना एवढंच माहीत होतं की बाई बाळंतपणाला गेल्या होत्या. मी वर्गात शिरले तशी सगळी उभी राहिली. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, फार बडबडी. बसायच्या आधीच तिनं विचारलं,

“बाई, बाळाचं नाव काय ठेवलं?”

वर्ग माझ्याकडे बघत होता. मला खोटं बोलता आलं असतं.

“नाही ठेवलं,” मी म्हटलं. “बाळ राहिलं नाही आमचं.”

ती मुलगी खाली बसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आमचं बी न्हाई ऱ्हायलं, बाई. दोन न्हाई ऱ्हायली.” आणखी एकीनं हात वर केला. “आमची एक.” मग तिसऱ्यानं. ते दुःखानं सांगत नव्हते. शेरडं किती, कोंबड्या किती, हे जसं सांगतात तसं सांगत होते. मी खुर्चीवर बसले आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाच-सहा घरांतली बाळं गेलेली निघाली. त्यांच्या आया मला माहीत होत्या. शाळेच्या वाटेवर, शेतात, विहिरीवर रोज दिसायच्या, डोक्यावर काही ना काही घेऊन चाललेल्या. त्यांच्यापैकी किती जणींना कुणी तेल लावलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला.

मग मी मुलांना पाट्या काढायला सांगितल्या आणि सातचा पाढा घातला.